वसंतात पक्षी येतात की बोलू लागतात?

पडवी (मूळ लेख)

‘कोकीळ आला’ असे मी पहिल्या वर्षी वहीत लिहिले होते आणि मोठ्या हौसेने लाल शाईने तारीखही घातली होती. दुसऱ्या वर्षी ऐन थंडीत घरामागच्या उंबरावर, पानांच्या आत अंग चोरून बसलेला, लाल डोळ्यांचा एक काळा पक्षी निमूटपणे फळे गिळताना दिसला आणि मी ते वाक्य खोडले. कोकीळ कुठून आला नव्हता, कारण तो कुठे गेलाच नव्हता. तो फक्त गप्प होता, आणि जो गप्प आहे तो नाहीच असे मी धरून चाललो होतो.

गेली सहा वर्षे फाल्गुन लागल्यापासून वैशाख सरेपर्यंत मी गावाकडच्या घराच्या पडवीत एकाच जागी, सूर्य उगवण्याच्या थोडे आधीपासून अर्धा तास बसतो आणि जे दिसते व ऐकू येते ते लिहून ठेवतो. एवढ्या नोंदींतून माझे एक मत बनले आहे. आपल्याकडच्या वसंतात पक्षी फारसे येत नाहीत. असलेले बोलू लागतात, काहींचे रंग बदलतात, काही घर शोधू लागतात आणि हिवाळ्याचे पाहुणे तेवढे निघून जातात. थंड प्रदेशांत वसंत हा परतून आलेल्या पक्ष्यांचा ऋतू असतो. ते वर्णन आपण इतक्यांदा वाचलेले असते की आपल्या अंगणातही तेच घडत असावे असे वाटू लागते.

सुरुवात कानाने होते. माझ्या वहीत दरवर्षी पहिला मान तांबटाचा आहे. थंडी पुरती गेलेली नसते तेव्हाच निष्पर्ण पिंपळाच्या शेंड्यावरून त्याचे ‘टुक्, टुक्, टुक्’ सुरू होते आणि उन्ह चढेल तसे ते वाढत जाते. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज म्हणून त्याचे नाव तांबट, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो आवाज नेमका कुठून येतो हे शोधायला गेल्यावर फजिती होते. दुर्बीण लावून बराच वेळ पाहिल्यावर कारण समजले. ओरडताना त्याची चोच मिटलेली असते, गळ्याची कातडी प्रत्येक टोल्याला फुगते आणि तो मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवत राहतो. त्यामुळे पक्षी जागचा हलत नसला तरी आवाज मात्र झाडभर फिरतो आहे असे वाटते. एके सकाळी घड्याळ समोर ठेवून मोजले तेव्हा मिनिटाला ११२ टोले भरले. चिमणीएवढ्या, हिरव्या अंगाच्या, तांबडे कपाळ आणि पिवळा गळा असलेल्या या पक्ष्याला दम कसा लागत नाही, याचे मला अजून नवल वाटते.

दुसरा दयाळ. हिवाळाभर हा काळा-पांढरा पक्षी परसात शेपटी उभारून किडे टिपत असतो, पण त्याच्या तोंडून एखाद्या कुरकुरत्या ‘चर्र’पलीकडे काही निघत नाही. फेब्रुवारी सरता सरता मात्र पहाटेच्या अंधारातच तो विजेच्या तारेवर किंवा घराच्या आढ्यावर येऊन शीळ घालू लागतो, आणि ती शीळ रोज थोडी वेगळी असते. पहाटेच का, याची दोन कारणे सांगितली जातात आणि दोन्ही पटतात. त्या वेळी वारा पडलेला असल्यामुळे आवाज लांबवर जातो, आणि किडे दिसण्याइतका उजेड नसल्यामुळे गाण्यात घालवलेला वेळ खाण्यातून वजा होत नाही.

रंग बदलणारा म्हणजे जांभळा शिंजीर. पावसाळा सरल्यावर त्याचा नर मादीसारखाच फिकट दिसू लागतो. पिवळसर पोट आणि गळ्यापासून खाली उतरणारा एक गडद पट्टा एवढीच ओळख उरते. वसंताच्या तोंडावर त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी ठिपके पडू लागतात, ठिपक्यांचे डाग होतात आणि काही आठवड्यांत तोच पक्षी चकचकीत काळाजांभळा होऊन शेवग्याच्या फुलांवर दुसऱ्या नरांना हुसकावू लागतो. अर्धवट पालटलेला नर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ही वेगळीच जात वाटली होती. वहीत त्या दिवसापुढे अजूनही प्रश्नचिन्ह आहे. मी ते मुद्दाम तसेच ठेवले आहे.

जाणाऱ्यांकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. शेपटी सतत थरथरवणारा थरथरा सप्टेंबरच्या अखेरीपासून आमच्या गोठ्याच्या भिंतीवर असतो आणि एप्रिलमध्ये कधीतरी हिमालयाकडे व त्यापलीकडे निघून जातो. पांढरा धोबी आणि करडा धोबी यांचेही तसेच, पण विहिरीच्या कठड्यावरचा थोरला धोबी मात्र इथलाच रहिवासी आहे आणि बाकीचे धोबी निघण्याच्या सुमारास त्याच्या गळ्याला नुकता कंठ फुटलेला असतो. सर्वांत थाटाची पाठवणी भोरड्यांची. गुलाबी अंग आणि काळे डोके-पंख असलेल्या या मैनांचे थवे फुललेल्या पळसावर आणि काटेसावरीवर दंगा करतात, म्हणून त्यांना पळस मैना असेही म्हणतात. मध मिळवण्यासाठी त्या फुलात इतके तोंड खुपसतात की कपाळ परागांनी माखून निघते. एप्रिल सरत आला की एके दिवशी झाड अचानक शांत होते. त्या तेव्हा मध्य आशियाच्या वाटेला लागलेल्या असतात, आणि तिथल्या टोळांच्या मोसमात त्यांची पिल्ले वाढतात.

पळस, पांगारा आणि काटेसावर ही तिन्ही झाडे पाने गाळून मग फुलतात, हे पाहणाऱ्याच्या पथ्यावर पडते. ज्या पक्ष्याला पावसाळ्यात पानांतून शोधायला तास लागतो, तो या दिवसांत उघड्या फांदीवर समोर बसलेला असतो. वसंतात पक्षी वाढल्यासारखे वाटतात त्यामागे हेही एक साधे कारण असावे.

आपल्या घराभोवती कोण बोलू लागले, कोण गेले, आणि खरोखर नव्याने कोण आले, हे कृपया लिहावे.


नवशिका

लेख दोनदा वाचला. मी गेल्याच वर्षी शहरातून गावाकडच्या घरी राहायला आलो आहे, त्यामुळे माझे प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे.

पहिला प्रश्न असा की आमच्या आंब्यावर तपकिरी रंगाचा, अंगभर पांढरे ठिपके असलेला, कावळ्याहून सडपातळ आणि लांब शेपटीचा एक पक्षी येतो. तो गात नाही. ‘किक्-किक्-किक्’ असे कर्कश ओरडत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पळतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या मागे कावळे लागलेले असतात. हा ससाणा असावा का?

दुसरा प्रश्न थोडा विचित्र आहे. अंगणात उभ्या केलेल्या मोटारसायकलीच्या आरशावर एक काळा-पांढरा पक्षी रोज सकाळी येऊन चोचीने प्रहार करतो. आरशाच्या कडेवर बसतो, आत वाकून पाहतो, मग पंख पसरून झडप घालतो आणि पुन्हा कडेवर येतो. असे कमीत कमी २० मिनिटे चालते. आरसा विष्ठेने भरून जातो. त्याला काही इजा होईल का, अशी काळजी वाटते.


जुनी विहीर

नवशिका यांस: आपण पाहिलेला पक्षी ससाणा नसून कोकिळा आहे, म्हणजे कोकिळाची मादी. कवितेत कोकिळेने किती शतके गायन केले असेल, पण ‘कुऊ कुऊ’ हा चढत जाणारा सूर नराचा आहे. मादीच्या वाट्याला तो ‘किक्-किक्’ आला आहे. कावळे तिच्या मागे लागतात यालाही कारण आहे, कारण ती त्यांच्या घरट्यावर पाळत ठेवून असते. नर मुद्दाम घरट्याजवळ दिसेल असा येऊन कावळ्यांना अंगावर घेतो आणि ते त्याच्या मागे गेले की मादी आत शिरून अंडे घालते. तिचे अंडे कावळ्याच्या अंड्यांच्या काही दिवस आधी फुटते, त्यामुळे पिल्लाला पहिला घास मिळतो. युरोपातल्या कोकिळाचे पिल्लू पालकांची अंडी घरट्याबाहेर ढकलून देते, पण आपल्या कोकिळाचे पिल्लू सहसा तसे करत नाही. कावळ्याची एक-दोन पिल्लेही त्याच घरट्यात वाढताना मी पाहिली आहेत.

आता मूळ लेखाबद्दल. मांडणी आवडली, परंतु ‘फारसे येत नाहीत’ हे मला तितकेसे मान्य नाही. दूर देशांतून येत नसतील, पण रानातून घराकडे नक्की येतात. मार्च उलटला की ओढे आटतात, डबकी सुकतात, आणि ज्या पक्ष्यांना आपण पावसाळ्यात टेकडीपलीकडे पाहतो ते विहिरीच्या पन्हाळीखाली, गुरांच्या हौदाशी, भांडी घासण्याच्या जागी येऊ लागतात. आमच्या विहिरीवरचा पंप सुरू झाला की पाइपाच्या सांध्यातून पाणी ठिबकते आणि खाली हातभर चिखल होतो. तेवढ्या जागेत एका दुपारी मी बुलबुल, सातभाई, होले, मुनिया आणि एक बावरलेला स्वर्गीय नर्तक पाहिला आहे. त्या नराच्या शेपटीच्या दोन पांढऱ्या फिती चिखलाला लागू नयेत म्हणून की काय, तो उभा न राहता हवेतूनच पाण्यावर झेप घेऊन अंग भिजवत होता आणि पुन्हा फांदीवर जात होता. तो वर्षभर माझ्या घराशी नसतो. त्याच्यापुरता तरी मी ‘आला’ असेच लिहिणार.


पडवी

जुनी विहीर यांचा मुद्दा बिनतोड आहे. मी पडवीत बसतो ते सकाळी, आणि पाण्यावरची ही गर्दी दुपारची असते, त्यामुळे ती माझ्या वहीत उतरलीच नाही. एकाच वेळी बसण्याचा हा तोटा मी लक्षात घ्यायला हवा होता. वाक्यात दुरुस्ती करतो: दुरून येत नाहीत. दुरून येणारे नवरंग आणि चातक, पण त्यांचे येणे पावसाच्या तोंडाशी असते, वसंतात नव्हे.

नवशिका यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की तो दयाळाचा नर आहे आणि तो आरशातल्या दयाळाशी भांडतो आहे. विणीच्या काळात प्रत्येक नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला थारा देत नाही. खरा प्रतिस्पर्धी दोन झडपांत पळून जातो. हा पळत नाही, उलट तितक्याच त्वेषाने समोर येतो, म्हणून भांडण संपत नाही. शिंजीर आणि थोरला धोबीही खिडकीच्या काचेवर असेच करतात. सहसा मोठी इजा होत नाही, मात्र ज्या वेळात त्याने खायचे, गायचे आणि घरट्याची जागा राखायची तो वेळ वाया जातो. आरशावर जुनी कापडी पिशवी चढवून ठेवावी. खिडकी असेल तर काचेला बाहेरच्या बाजूने कागद किंवा कापड लावावे. आतून पडदा ओढल्याने प्रतिबिंब जात नाही, कित्येकदा ते अधिकच स्पष्ट होते.


उंबरठा

तांबटाचा उल्लेख वाचून जे लिहायला मन धजत नव्हते ते लिहिते.

आमच्या परसात एक जुना शेवगा आहे. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्याची एक वाळलेली फांदी छपरावर पडेल या भीतीने मी ती कापून घेतली. फांदी मनगटापेक्षा थोडी जाड होती. खाली पडल्यावर तिच्या पोटाकडच्या बाजूला, म्हणजे झाडावर असताना जमिनीकडे तोंड केलेल्या बाजूला, रुपयाएवढे अगदी गोल छिद्र दिसले. कंपासाने आखावे इतके गोल. आत हात घालण्याइतकी जागा नव्हती, म्हणून फांदी हलकेच उभी चिरली. आतमध्ये वीतभर पोकळी होती, तळाशी लाकडाचा भुसा होता आणि त्यावर तीन पांढरी अंडी होती. त्यांतली दोन फुटलेली होती.

दोन्ही पक्षी संध्याकाळपर्यंत त्या जागी येत राहिले. फांदी जिथे होती तिथल्या हवेत ते क्षणभर थबकत आणि शेजारच्या डहाळीवर बसत. आवाज अजिबात करत नव्हते.

त्यानंतर मला समजले की तांबटाला घर कोरायला वाळलेले, मऊ पडलेले लाकूडच लागते; जिवंत फांदी त्याच्या चोचीला दाद देत नाही. छिद्र फांदीच्या खालच्या अंगाला असते ते पाऊस आत जाऊ नये म्हणून, आणि त्यामुळेच खालून मान वर करून मुद्दाम पाहिल्याशिवाय ते दिसत नाही. आता छाटणी दिवाळीच्या आसपास उरकते. ज्या वाळक्या फांदीपासून धोका नाही ती ठेवून देते. शेजारी याला आळस म्हणतात. गेल्या वर्षी त्याच शेवग्याच्या दुसऱ्या वाळक्या फांदीत तांबटाने पुन्हा कोरायला घेतले. आधीचीच जोडी होती का हे सांगता येणार नाही, पण खाली पडलेला ताजा भुसा सकाळी झाडायचे मी आठवडाभर टाळले.


बांधावरचा

उंबरठा ताई, मन खाऊ नका. नांगर हाकणाऱ्या माणसाच्या खात्यावर असल्या चुका किती असतील याची मोजदाद नाही.

माझा अनुभव टिटवीचा आहे. ती घरटे बांधतच नाही; उघड्या रानात चार खडे सारून खळगा करते आणि त्यात मातकट रंगाची, काळ्या डागांची चार अंडी घालते. अंड्यांची निमुळती टोके आत वळलेली असतात, त्यामुळे चार अंडी मिळून बशीएवढ्या जागेत बसतात. सहा पावलांवर उभे राहूनही ती ढेकळांतून वेगळी ओळखता येत नाहीत. ओळखायची खूण म्हणजे टिटवीचे वागणे. माणूस लांब असताना ती घरट्यावरून गुपचूप उठून चालत दूर जाते आणि मग भलत्याच ठिकाणी आरडाओरडा सुरू करते. त्यामुळे ती जिथे ओरडते तिथे शोधू नये. ती जिथून चालत निघाली ती जागा लक्षात ठेवावी. अगदी जवळ गेलात तर ती डोक्यावर झेपावते, तेव्हा मात्र अंडी पायाशीच आहेत असे समजावे आणि पाय उचलताना खाली पाहावे.

उन्हाळी नांगरट नेमकी याच दिवसांत येते. अशी जागा सापडली की मी चारी बाजूंना दोन-दोन पावलांवर काटक्या रोवतो आणि तेवढा तुकडा सोडून औत वळवतो. अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात, तोपर्यंत तो तुकडा तसाच राहतो. ऐन दुपारी टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांवर उभी राहते. हे मी वाचले होते, पण विश्वास बसला तो बांधावरच्या बाभळीखाली बसून पाहिल्यावर. डबक्यात ती नुसती उतरली नाही, तर पोट घासत दोन-तीनदा खाली-वर झाली आणि थेंब गळत असतानाच चालत परत आली. उन्हात अंडी उबवणे सोपे आहे, ती शिजू न देणे हे तिचे खरे काम आहे. पिल्ले बाहेर पडली की थोड्याच वेळात चालू लागतात आणि आईने इशारा दिला की जमिनीला चिकटून बसतात. मग तुमच्या बुटाशेजारी असली तरी दिसत नाहीत.

एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली. पावशा. चैत्रात तो सुरू झाला की आमच्याकडे म्हातारी माणसे मान हलवतात, कारण त्याचे ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ कानावर आले तरी पेरणीला अजून दोन-तीन महिने असतात.


जुनी विहीर

बांधावरचा यांनी पावशाची आठवण दिली ते बरे झाले, कारण त्याच्या बाबतीत लेखातले मत तंतोतंत लागू पडते. पावशाही बहुतेक ठिकाणी वर्षभर असतो, पण शिक्रा या लहान शिकारी पक्ष्यासारख्या दिसण्यामुळे आणि मौनामुळे तो हिवाळ्यात ओळखूच येत नाही. त्याच्या हाकेत सूर प्रत्येक वेळी चढत जातो, टिपेला पोहोचून एकदम तुटतो आणि थोड्या वेळाने पुन्हा खालून सुरू होतो. चांदण्या रात्री हे तासन्‌तास चालते, आणि ज्यांना झोप लागत नाही त्यांना ‘पेरते व्हा’तला गोडवा फारसा जाणवत नाही. मादी आपली निळी अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते. सातभाईंची अंडीही निळीच असतात.

पाण्याविषयी थोडे. ज्यांना भांडे ठेवायचे असेल त्यांनी ते पसरट आणि उथळ ठेवावे. बोटाच्या दोन पेरांहून अधिक खोली नको. खोल भांड्यात लहान पक्षी उतरत नाहीत, आणि उतरले तर बुडण्याचा धोका असतो. मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा. पाणी रोज बदलावे आणि भांडे आतून घासावे, नाहीतर शेवाळ, डास आणि पक्ष्यांमधले रोग यांची सोय होते. माझी पहिली चूक जागेची होती. सावली मिळावी म्हणून मी भांडे मेंदीच्या दाट कुंपणाला चिकटवून ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी मांजराने त्या कुंपणाआडून एक बुलबुल पकडला. आता भांडे उघड्यावर, पण जवळच्या फांदीपर्यंत एका झेपेत पोहोचता येईल अशा अंतरावर आहे. मांजराला आडोसा नाही आणि पक्ष्याला आहे.


नवशिका

सर्वांचे आभार. आरशावर पिशवी चढवली. पहिल्या दिवशी दयाळ पिशवीवर बसून इकडेतिकडे पाहत राहिला, दुसऱ्या दिवशी आला नाही. आता तो समोरच्या तारेवर गातो आणि त्याच्या जवळपास राखाडी रंगाची मादी दिसू लागली आहे.

नवीन प्रश्न असा की दाराच्या वरच्या पडक्या दिव्याच्या तारेला एक लोंबते घरटे तयार होत आहे. चिंध्या, कोळ्याचे जाळे आणि कचरा चिकटवून केल्यासारखे दिसते. मी मोबाइलने रोज छायाचित्र घेत आहे. काल फांदीची अडचण होत होती म्हणून वेलीची दोन पाने बाजूला केली. हे चालेल ना?


पडवी

छायाचित्रे आजपासून थांबवावीत आणि ती दोन पाने शक्य असल्यास जागेवर बांधावीत. स्वर थोडा कडक वाटेल, पण कारण सांगतो.

हे शिंजिराचे घरटे आहे. माझ्या पडवीत चार वर्षांपूर्वी दोरीच्या टोकाला ते झाले होते आणि मी ते खिडकीच्या फटीतून, सात-आठ हातांवरून, आत अंधार ठेवून पाहिले. बांधणारी एकटी मादी असते. तिने प्रथम कोळिष्टक चोचीत आणून दोरीला गुंडाळले. मग वाळलेल्या सालीचे तुकडे, सुरवंटांच्या विष्ठेचे कण आणि एका जुन्या पावतीची कागदी कपची एकेक करून त्यावर चिकटवली. आकार आला की ती आत शिरून स्वतःभोवती गिरक्या घेई आणि छातीने भिंत बाहेर दाबून पिशवी फुगवी. शेवटी दारावर छोटीशी पुढे आलेली पागोळी केली. एवढे झाल्यावर ती काही दिवस फिरकलीच नाही, आणि घरटे सोडले असे समजून मी दोरी काढण्याच्या बेतात होतो. ती परत आली, दोन अंडी घातली आणि सुमारे दोन आठवडे उबवली. नर उबवायला बसला नाही, पण पिल्ले बाहेर आल्यावर त्यानेही घास आणले. घास मधाचे नव्हते. कोळी आणि बारीक किडे होते, कारण वाढत्या पिल्लांना मध पुरत नाही.

आपण बाजूला केलेल्या दोन पानांमुळे दुपारचे ऊन थेट घरट्यावर येईल आणि कावळ्याला व भारद्वाजाला ते लांबून दिसेल. शिवाय अंडी घालण्याआधी मादी सर्वांत बुजरी असते. रोज कुणी जवळ येते असे दिसले तर ती अर्धे बांधलेले घरटेही सोडून देते. कायद्यानेही हे गंभीर आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणे किंवा अंडी वा घरटे विचलित करणे याचा समावेश शिकारीच्या व्याख्येतच केलेला आहे. आपला हेतू तसा नाही हे दिसतेच, परंतु घरट्याच्या जवळून काढलेली छायाचित्रे मिरवण्याची जी चढाओढ हल्ली दिसते तिच्याबद्दल मला चीड आहे, आणि ती या प्रतिसादात थोडी उतरली असेल.

दाराचा वापर नेहमीसारखाच करावा. त्या येण्याजाण्याची तिला सवय असते, म्हणूनच तिने ती जागा निवडली. थबकू नये आणि वर पाहत उभे राहू नये, एवढेच.


नवशिका

पाने दोऱ्याने बांधली. माझ्याकडून अजाणता झाले, पुन्हा होणार नाही. वही मात्र कालपासून सुरू केली आहे. पहिल्या पानावर काय लिहावे हे सुचेना, म्हणून ‘गोठ्याच्या भिंतीवर शेपूट हलवणारा तांबूस पक्षी, एक’ असे लिहिले.


पडवी

तो थरथरा असणार, आणि ती नोंद चांगली आहे. उद्याही तो दिसला तर पुन्हा लिहावे, परवाही. पहिल्यांदा दिसल्याची तारीख त्याच दिवशी समजते. शेवटची तारीख समजायला पुढचे आठ-दहा दिवस रिकामे जावे लागतात, आणि रोजची नोंद नसेल तर मागे वळून ती सापडत नाही. माझ्या सहा वर्षांच्या वहीत थरथऱ्याच्या शेवटच्या तारखा तीनच आहेत, कारण उरलेल्या तीन वर्षी ‘नेहमीचाच आहे’ म्हणून मी त्याला लिहायचे सोडून दिले होते.

आमच्याकडे तो आज सकाळी होता. सहा वाजून दहा मिनिटांनी, कुंपणाच्या तिसऱ्या खांबावर.


बांधावरचा

आमच्याकडे तीन दिवस दिसलेला नाही. अजून आठवडाभर पाहतो आणि मग लिहितो.